रिपोर्टमधलं ‘ओ-रॅड्स’ म्हणजे काय?

आईचा किंवा बहिणीचा सोनोग्राफी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला आणि त्यात ‘ओ-रॅड्स ३’ दिसलं, तर घाबरू नका. ही कॅन्सरची स्टेज नाही. अंडाशयातली गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता किती, हे हा आकडा सांगतो. ही पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची आहे.

० – तपासणी अपुरी
१ – अंडाशय नॉर्मल
२ – १ टक्क्यापेक्षा कमी
३ – १ ते १० टक्के
४ – १० ते ५० टक्के
५ – ५० टक्के किंवा जास्त

आकडा ठरतो कसा? गाठीत नुसतं पाणी आहे की घट्ट भागही आहे, आत पडदे आहेत का आणि डॉपलरवर रक्तप्रवाह किती दिसतो, यावरून. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, त्यात रेडिएशन नसतं. शंका उरली तर एमआरआय करतात. आजार पोटात पसरलाय का, हे सीटी स्कॅन दाखवतो.

पण पक्कं निदान काढलेल्या गाठीच्या लॅब तपासणीनंतरच होतं. म्हणून ४ किंवा ५ आलं, तर ऑपरेशनआधी कॅन्सरतज्ज्ञांचं मत घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या, मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या ठिकाणी आधी चौकशी करता येईल. जाताना मोबाइलमधल्या फोटोवर भागवू नका. मूळ रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या.