रंध्याच्या यंत्राचा शाफ्ट

लांकूड तासणाऱ्या यंत्राचें सर्व बळ त्याच्या फिरत्या शाफ्टांत असतें. या शाफ्टावर पात्यांचा ठोकळा बसविलेला असतो व तो मिनिटास ३,००० ते ४,००० फेरे सहज घेतो. १८२८ सालीं विल्यम वुडवर्थ यानें अमेरिकेंत रंध्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. अशा यंत्रांनीं सुताराचे श्रम वांचविले खरे. परंतु वेगाबरोबर झीजही आली. शाफ्ट ज्या आधारांत फिरतो त्यांस धारवे म्हणतात. कारखान्यांत त्यांचेंच नांव बेअरिंग. धारवा झिजला कीं शाफ्ट थरथरतो आणि गुळगुळीत व्हावयाच्या फळीवर वळ उठतात.

झीज टळत नाहीं. मग ती कोणीं सोसावी? या प्रश्नाचें उत्तर मॅसॅच्युसेट्समधील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं दिलें. धाऱव्याच्या कठीण कवचांत त्यानें मऊ धातूचें अस्तर घातलें. या धातूंत मुख्य भाग कथलाचा असून त्यांत थोडें अँटिमनी व तांबें असे. अस्तर झिजावें आणि मोलाचा शाफ्ट शाबूत राहावा, हें त्यांतील मर्म होय. दुरुस्तीही कारखान्यांतच होई. जुनें अस्तर काढून शाफ्ट ओळंब्यांत बसवावयाचा, त्यावर काजळी धरावयाची, कडा मातीनें लिंपावयाच्या आणि वितळलेली धातु ओतावयाची. धातु पुरेशी तापली कीं नाहीं, हें कारागीर पाइनची काडी बुडवून पाही. काडी करपावी, पण पेटूं नये. निवल्यावर अस्तर खरवडून शाफ्टाशीं जुळवीत. विसाव्या शतकांत गोळ्यांचीं बेअरिंगें आलीं, तेव्हां घर्षण पुष्कळ घटलें.

शाफ्टाची अशी निगा राखली जात असतां, त्याच्याजवळ वावरणारा हात मात्र उपेक्षित राहिला. हातानें लांकूड सरकविण्याच्या यंत्रांत ठोकळा चौकोनी असे. दोन पात्यांच्या मधली बाजू सपाट असल्यामुळें तेथें मोठी पोकळी राही. हात निसटला तर तो त्या पोकळींत खोल ओढला जाई आणि पुढचें पातें घाव घाली. यावरील उपाय शाफ्टावरच सांपडला. ठोकळा गोल करून त्याच्या खांचांत पातळ पातीं बसविलीं, म्हणजे पोकळी धातूनेंच भरून निघते. अपघात झाला तरी इजा बहुधा बोटांच्या टोंकांवर निभावते. जुन्या यंत्रांतही असा ठोकळा बसवितां येई. परंतु त्यास खर्च होता. अखेर १९२२ सालीं ब्रिटनमधील नियमांनीं अशा यंत्रांस गोल ठोकळा सक्तीचा केला.

शाफ्ट वांचविणाऱ्या अस्तरासाठीं कोणास सक्ति करावी लागली नव्हती, कारण शाफ्टाची किंमत मालकाच्या वहींत लिहिलेली होती. कामगाराच्या बोटांची किंमत मात्र कायद्यास लिहावी लागली.