महामार्ग, रस्सा आणि विद्यार्थी : खानदेशातील बाहेरच्या जेवणाचा इतिहास

घराबाहेर, पैसे मोजून, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवण्याची रीत मुंबई-पुण्यात गिरणी, कचेरी आणि महाविद्यालय यांच्या गरजेतून रुजली. खानदेशात, म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, तेच काम शहरापेक्षा रस्त्याने अधिक केले. येथील महाविद्यालयीन तरुण आज ज्या ठिकाणी टोळक्याने जेवायला जातात, ती ठिकाणे मुळात त्यांच्यासाठी निघालीच नव्हती. ट्रकचालकासाठी महामार्गावरच्या ढाब्यात मांडलेल्या बाजेवर विद्यार्थी नंतर येऊन बसला, आणि त्याच्या आवडीनिवडी त्या बाजेने घडवल्या, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

हा प्रदेश वाटेवरचा आहे, हे फार जुन्या काळापासून दिसते. सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या मार्गाचे जे टप्पे नोंदवले आहेत, त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा ही गावे ओळखू येतात, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो अशी नोंदही तो करतो. त्या काळी सराईत, म्हणजे प्रवाशांच्या उतरण्याच्या जागेत, आसरा मिळे. परंतु सोवळेओवळे आणि जातिनियम पाळणारा प्रवासी शिधा विकत घेऊन आपली चूल आपणच मांडी. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले आणि मुंबई-आग्रा रस्ता या गावावरून गेला. रेल्वेने मात्र धुळ्याला बगल देऊन चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही वाट धरली, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा जळगावची पेठ फोफावली. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ते याच दोन केंद्रांभोवती.

कापसाने गिरणी आणली आणि गिरणीने खानावळ, म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचे ठराविक जेवण देणारे घर किंवा दुकान. विद्यार्थ्यांची सोय मात्र बराच काळ वसतिगृहांवर अवलंबून राहिली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तेथील छात्रालयही सांभाळले, आणि त्या काळच्या खानदेशी विद्यार्थ्याचे बाहेरचे जेवण म्हणजे बहुधा अशा छात्रालयाची पंगत. अनेक वसतिगृहे एकेका जातीच्या पुढाकाराने उभी राहिल्यामुळे ती पंगतही जातीचीच असे. अन्नगृहात कोणासही मज्जाव करता येणार नाही हे तत्त्व संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने 1950 मध्ये प्रस्थापित केले आणि 1955 च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने त्याच्या उल्लंघनाला शिक्षा ठरवली. ढाब्याच्या इतिहासात या दोन वर्षांचे महत्त्व कोणत्याही मसाल्यापेक्षा जास्त आहे, कारण कोणाही शेजारी कोणीही बसावे ही ढाब्याची पहिली अट आहे.

स्वातंत्र्यानंतर मालवाहतूक रेल्वेकडून ट्रककडे सरकू लागली, आणि धुळ्याचे भाग्य पुन्हा रस्त्याशी जोडले गेले. मुंबई-आग्रा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3 आणि सुरतेकडून येऊन जळगाव, नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा क्रमांक 6 हे धुळ्यात एकमेकांना छेदत, तर सोलापूरहून येणारा 211 येथेच येऊन मिळे. 2010 च्या पुनर्रचनेत हे क्रमांक बदलले, तरी गावकऱ्यांच्या तोंडी जुनेच राहिले. लांबच्या चालकाला रात्री-अपरात्री गरम, तिखट आणि तत्काळ मिळणारे जेवण हवे असते. शेवभाजी या पदार्थाची घडण पाहिली की ही गरज स्पष्ट दिसते: भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खडा मसाला वाटून केलेला काळा रस्सा आधीच उकळून ठेवता येतो, बेसनाची जाड तिखट शेव महिनाभर डब्यात टिकते, आणि गिऱ्हाईक आल्यावर शेवेवर रस्सा ओतला की ताट तयार होते. त्याला ना ताजी भाजी लागते, ना बाजाराचा दिवस. खानदेशाचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर रेंगाळतो आणि हिरवी भाजी तेव्हा दुर्मीळ होते, हेही या पदार्थाच्या बाजूनेच काम करते.

याच्या अगदी उलट बांधणीची म्हणजे भरिताची पार्टी. हिवाळ्यात, वांगी भरात असताना, शेतात कापसाच्या वाळलेल्या झाडांची, म्हणजे पऱ्हाट्यांची, आग करून हिरवी-पांढरी लांबट वांगी भाजायची, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ती हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायची आणि पुरीशी किंवा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीशी खायची, अशी ही रीत आहे. यात इंधन पिकातून येते, जागा शेताची असते आणि गल्ल्यावर कोणी बसलेले नसते. बामणोद आणि आसोदा या गावांची वांगी त्यासाठी नावाजलेली आहेत, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. शेतातल्या या बैठकीला खानदेशी माणूस पार्टीच म्हणतो. शिवाय या पार्टीला घरातील बायका-मुले येतात, ढाब्याचा इतिहास मात्र बराच काळ पुरुषांचाच राहिला आहे.

विद्यार्थी या रस्त्यावर मोठ्या संख्येने आला तो उशिरा. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही 1945 ची. पण 1983 मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहू लागली, आणि 15 ऑगस्ट 1990 रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचा परिसर जळगाव शहराबाहेर, गिरणेपलीकडे बांभोरीजवळ, नेमका महामार्गालगत आहे. मेसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मासिक खानावळीच्या, वरणभाताला विटलेल्या मुलाला सर्वांत जवळचे दुसरे अन्न ढाब्याचे असावे, यात योगायोग फार थोडा आहे.

मद्यपानाची जागा ही वेगळीच कहाणी. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 चा. त्याची पकड साठ आणि सत्तरच्या दशकांत टप्प्याटप्प्याने सैल झाली, परंतु कायदा मोडीत न काढता परवान्याची वाट ठेवण्यात आली. त्यातून परमिट रूम जन्मली, म्हणजे परवानाधारकाला विदेशी मद्य बसून पिण्याची मुभा असलेली जागा. आणि येथे विदेशी म्हणजे परदेशातून आलेले नव्हे, तर देशी दारूहून वेगळ्या वर्गात मोडणारे, बहुधा भारतातच बनलेले मद्य. 1983 चा क्रिकेट विश्वचषक आणि त्यापाठोपाठ दूरदर्शनच्या प्रक्षेपण केंद्रांचा झपाट्याने झालेला विस्तार यांनंतर दूरचित्रवाणी संच हॉटेलांत आणि परमिट रूममध्ये शिरला, आणि 2008 च्या आयपीएलने क्रिकेटचा सामना नेमका संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेवर आणून ठेवला. स्पोर्ट्स बार, म्हणजे सामना पाहत खाण्यापिण्याची जागा, म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याचे खानदेशी रूप असे तुकड्यातुकड्यांनी जमले. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी केली तेव्हा रस्त्यावर पोसलेल्या या धंद्याच्या मुळावरच घाव बसला. पुढच्याच वर्षी नगरपालिका हद्दीला मिळालेल्या सवलतीने तो पुष्कळसा बोथट झाला.

राहिली या ढाब्यांच्या आणि परमिट रूमच्या ताटातली कोंबडी. पश्चिम खानदेशातील भिल्ल घरांत ती अंगणातला पक्षी होती, आणि 1922 मध्ये दक्षिण गुजरात व डांगातून या सीमाभागाकडे पसरलेल्या देवी चळवळीने दारूबरोबर मांसही सोडायला सांगितले, ही गोष्ट कोंबडीचे त्या घरांतील स्थान किती खोल होते हे उलट्या बाजूने सिद्ध करते. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी ब्रॉयलर, म्हणजे सहा-सात आठवड्यांत मांसासाठी तयार होणारी जात, सर्वत्र नेली, आणि रेल्वे व महामार्ग दोन्ही लाभलेले नवापूर कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र बनले. तेथेच 18 फेब्रुवारी 2006 रोजी भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो पक्षी नष्ट करण्यात आले, सीमेपलीकडचे गुजरातमधील उच्छलही त्यात सापडले, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ, हातेड अशा गावांच्या अंगणातल्या कोंबड्यांपर्यंत हा रोग आढळला.

कोंबडी सर्वत्र पोहोचली, तरी अमेरिकेतील महाविद्यालयीन नगरांचे स्पोर्ट्स बार ज्या पदार्थाभोवती फिरतात, ते कोंबडीचे तिखट पंख येथे रुजले नाहीत. त्यांचा उगम न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या अँकर बारमध्ये 1964 मध्ये झाला असे मानले जाते, आणि ओहायो राज्यातील विद्यापीठनगरी कोलंबसमध्ये 1982 मध्ये निघालेल्या बफेलो वाइल्ड विंग्ज या साखळीने त्यांचा देशभर प्रसार केला. यामागचे अर्थकारण सरळ होते: अमेरिकन गिऱ्हाईक छातीचे बिनहाडाचे मांस मागू लागले, पंख स्वस्तात उरले, आणि खारट-तिखट खाल्ले की बियर अधिक खपते. खानदेशात मात्र कोंबडी दुकानात समोर कापली जाते, बहुधा कातडी काढून सोलली जाते आणि हाडांसह तुकडे होऊन सगळीच्या सगळी एका रश्शात पडते, त्यामुळे उरलेला अवयव असा काही राहतच नाही. शिवाय पंखाची चव ज्या कुरकुरीत कातडीत असते ती आधीच टाकलेली असते. एका पक्ष्याच्या दोन पंखांचे चार तुकडे होतात, म्हणजे दहा तुकड्यांच्या एका ताटलीला तीन कोंबड्या लागतात. एकच अवयव गोठवून पुरवणारा कारखाना आणि तेथून निघणारी शीतवाहने मागे असल्याशिवाय हा पदार्थ जळगाव-धुळ्याच्या भटारखान्यात उभा राहू शकत नाही. मसाला काळा असावा की लाल, हा प्रश्न त्यानंतरचा.