श्रीमन्नारायण

श्रीमन्नारायण अग्रवाल (१९१२–१९७८) : गांधीवादी अर्थविचारक, काँग्रेसचे नेते आणि नियोजन आयोगाचे सदस्य. जन्म संयुक्त प्रांतातील (आताचा उत्तर प्रदेश) इटावा येथे. कर्मभूमी मात्र वर्धा. तेथे ते सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. जमनालाल बजाज यांची कन्या मदालसा या त्यांच्या पत्नी. आडनाव त्यांनी पुढे गाळले. हिंदीत त्यांनी कविताही लिहिल्या.

त्यांची ओळख ठरली ती १९४४ च्या ‘गांधीवादी योजने’मुळे. टाटा, बिर्ला आदी उद्योगपतींची १०,००० कोटी रुपयांची मुंबई योजना त्याच वर्षी गाजत होती. श्रीमन्नारायणांनी दहा वर्षांसाठी ३,५०० कोटींचा आराखडा मांडला. शेती आणि चरखा, हातमाग, तेलघाणी असे ग्रामोद्योग हा त्याचा कणा होता. ही योजना यंत्रविरोधी होती हा समज चुकीचा आहे. वीज, खाणी, यंत्रनिर्मिती असे पायाभूत उद्योग तिला हवेच होते, पण ते सरकारच्या मालकीचे. पैशाची बाजू मात्र लंगडी राहिली. सुमारे १,००० कोटी रुपये नवे चलन काढून उभारायचे होते, आणि युद्धकाळात महागाईने आधीच कंबरडे मोडले होते. तरीही गांधीविचार केवळ नीतीचा उपदेश नाही, त्याचे अंदाजपत्रक मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. हे श्रेय मोठे आहे.

१९४६ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा लिहिला. ग्रामपंचायत हा त्याचा पाया. त्यावर तालुका, जिल्हा, प्रांत आणि देश अशा चढत्या पंचायती. योजना आणि घटना या दोन्ही पुस्तकांना गांधीजींची प्रस्तावना आहे. संविधान सभेने ही रचना स्वीकारली नाही. खेडे म्हणजे संकुचितपणा आणि जातीयतेचा अड्डा, हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप रोखठोक होता, आणि गावगाड्यात जे भोगले गेले ते पाहता तो खोडून काढणे सोपे नाही. पंचायतींना अखेर अनुच्छेद ४० मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून जागा मिळाली.

१९५२ मध्ये ते वर्ध्यातून लोकसभेवर निवडून आले. काँग्रेसचे सरचिटणीसपदही त्यांनी सांभाळले. १९५८ ते १९६४ या काळात ते नियोजन आयोगावर होते. पोलाद आणि अवजड यंत्रे यांना अग्रक्रम देणारे धोरण तोवर पक्के झाले होते. त्या चौकटीत राहून ते ग्रामोद्योग, रोजगार आणि पंचायत राज यांची बाजू मांडत राहिले. त्यानंतर नेपाळमधील राजदूत आणि १९६७ ते १९७३ गुजरातचे राज्यपाल ही पदे त्यांच्याकडे आली.

गांधीजींच्या निवडक लेखनाचे इंग्रजी खंड त्यांनी संपादित केले, विनोबा भावे यांचे चरित्रही लिहिले. विनोबांशी असलेल्या या जवळिकीमुळेच आणीबाणीत एक अवघड काम त्यांच्यावर आले. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला विनोबांनी बोलावलेल्या आचार्य संमेलनाने देशातील परिस्थिती पूर्ववत करण्याची आणि राजबंद्यांच्या सुटकेची मागणी केली. हे म्हणणे पंतप्रधान इंदिरा गांधींच्या कानी घालण्याची जबाबदारी श्रीमन्नारायणांवर सोपवली गेली. पंतप्रधानांनी त्यांना भेट नाकारली.