पेटीतले मेडल आणि आपला इतिहास

आपल्या आज्या-पणज्यांची नावे ताम्रपटावर कोणी कोरली नाहीत. बखरकारांनीही त्यांची फारशी दखल घेतली नाही. वतनाच्या कागदात नाव आले तर ते राबणाऱ्या हाताचे म्हणून आले. पण एक जागा अशी आहे की जिथे त्यांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण सरकारनेच धातूवर ठोकून ठेवली आहे. ती जागा म्हणजे लष्करी मेडलची कड. बोटाच्या पेराहूनही अरुंद अशी ही कड आपल्या किती घरांत आजवर कोणी वाचलेलीच नाही!

पहिल्या महायुद्धाचे 'ब्रिटिश वॉर मेडल' घ्या. व्यास ३६ मिलिमीटर, एका बाजूला पाचव्या जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा स्वार, आणि सारे चांदीचे. वजन अडीच तोळ्यांच्या वर. अडीनडीला घरातली बाई ते सोनाराकडे घेऊन गेली, यात तिचा काय दोष? पोरांच्या पोटात दोन घास गेले. १९७९-८० साली चांदीचे भाव भडकले तेव्हा तर जगभर अशी मेडले वितळली. चांदी पुन्हा मिळते हो, पण कडेवरचे नाव मुशीत गेले की गेले. म्हणून ज्यांच्या पेटीत अजून काही शिल्लक आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

दुसरी बाजूही आहे. खरे मोडीत गेले आणि खोटे बाजारात आले. चोरबाजारात, जुन्या बाजारात पितळी बिल्ले मिळतात, 'पलटणीची असली टोपी' मिळते, '१८१८ ची वर्दी'सुद्धा मिळते. आपली तरुण मुले अभिमानाने घेतात. अभिमान असावाच. पण उद्या कोणी अभ्यासू माणसाने तो बिल्ला खोटा ठरवला, तर हसू त्या बिल्ल्याचे होणार नाही, आपल्या खऱ्या इतिहासाचे होईल. खरा पुरावा हाताशी असताना खोट्याच्या कुबड्या कशाला?

पुराव्याची किंमत आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जाती'चे खूळ काढून इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतिपत्र तयार केले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेपर्यंत अर्ज पाठवला. या अर्जांचा आधार काय होता? आमच्या वाडवडिलांनी तुमच्या पलटणीत चाकरी केली, रक्त सांडले, ही नोंद असलेली गोष्ट. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ उभा होता, त्यावर पडलेल्या शिपायांची नावे होती, आणि त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे आपल्या माणसांची होती. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले, तेही याच जिवंत पुराव्यापाशी.

महायुद्धात माणसे कमी पडू लागली तशी १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. गरज संपली, १९२१ साली ती मोडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला व दुसरी कामठीला उभी राहिली. ही साले पाठ करून ठेवावीत. खरे-खोटे ओळखण्याची निम्मी विद्या या सालांतच आहे.

कशी ते पाहा. महार रेजिमेंटच्या पहिल्या टोपीबिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि खाली 'महार' ही अक्षरे होती. ऑक्टोबर १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगना एकमेकींवर तिरप्या आल्या, स्तंभ राहिलाच. त्यानंतर स्तंभ काढून तिथे खंजीर आला. म्हणजे नुसता स्तंभ असलेला बिल्ला १९४१ ते ४६ चा नमुना, स्तंभ व मशीनगना हा त्यानंतरचा, आणि खंजिराचा त्याच्याही नंतरचा. आता कोणी मशीनगनचा बिल्ला दाखवून 'आजोबांनी हा ब्रह्मदेशच्या लढाईत घातला होता' म्हणाले, तर आजोबा खोटे ठरत नाहीत. आपली दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेत होतीच. फक्त तो बिल्ला त्या लढाईतला नव्हे, एवढेच समजावे. आणि स्तंभाचा बिल्ला दाखवून कोणी त्याला कोरेगावच्या लढाईतला म्हणाले, तर हसून सोडून द्यावे. लढाईनंतर बांधलेला स्तंभ लढाईतल्या शिपायाच्या टोपीवर कुठून येणार?

मुकुटही साल सांगतो. १९०१ साली राणी व्हिक्टोरिया वारली. त्यानंतर पन्नासएक वर्षे राजांचा अंमल होता आणि त्या काळच्या बिल्ल्यांवरचा मुकुट वरून घुमटासारखा गोल असतो. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या सैन्यात मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. मेजरच्या खांद्यावर पूर्वी मुकुट असे, आता सिंह आहेत. तेव्हा खांद्यावर सिंह असलेला कोट दुसऱ्या महायुद्धातला असूच शकत नाही.

आता धातूकडे वळू. खरा बिल्ला पत्र्यावर ठसा मारून उठवलेला असतो. त्यामुळे पुढची रेघ धारदार असते आणि मागच्या बाजूस तीच आकृती उलटी, खोलगट दिसते. नकली बिल्ला बहुधा ओतीव असतो. खऱ्यावरून साचा घेऊन ओतला की धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते, जाड व जड लागते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि भिंगातून बारीक छिद्रे दिसतात. मागची कडी किंवा टोपीत खोचायची पट्टीही पाहावी. पन्नास वर्षे कपड्याला घासलेली कडी झिजते. पुढून काळाकुट्ट आणि मागे कडी मात्र कोरी करकरीत, असा बिल्ला दिसला की समजावे, रंग तेजाबाने आणला आहे.

मेडलची परीक्षा कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या मेडलवरचे नाव यंत्राने ठोकलेले असते, हाताने कोरलेले नसते. काही लबाड लोक मूळ नाव घासून काढतात आणि मोठ्या पलटणीचे नाव घालतात. पण घासले की धातू कमी होतो. आपल्यापैकी फिटरखात्यात काम केलेल्यांना व्हर्निअर धरता येतो. मेडलचा व्यास दोन-चार ठिकाणी मोजावा, नावाच्या जागी कमी भरला तर संशय घ्यावा. पितळेसारखे, तांबूस दिसते म्हणून मेडल फेकू नका. लढाईत मजूर म्हणून गेलेल्या हिंदी लेबर कोअरच्या माणसांना हेच मेडल चांदीऐवजी कांस्याचे दिले होते. मेडलमध्येही सरकारने मजुराला खालची पायरी दिली, पण आमच्या लेखी ते चांदीहून मोलाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांवर आणि सहा टोकांच्या ताऱ्यांवर ब्रिटिश सैनिकांचे नाव नसे. हिंदी सैनिकांच्या मात्र बहुधा असते. तेव्हा ताऱ्याची मागची बाजूही वाचा. नावाचे स्पेलिंग गोऱ्या कारकुनाच्या कानाला लागले तसे असते. मोठ्याने वाचून पाहिले की आजोबांचे नाव ऐकू येते.

कोरेगावच्या लढाईचे मेडल म्हणून काही जण काहीही दाखवतात. त्या काळातल्या लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' निघाले ते थेट १८५१ साली, म्हणजे कोरेगावनंतर ३३ वर्षांनी, आणि तेही तेव्हा हयात असलेल्यांसाठी. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आहे आणि कोरेगावची वेगळी पट्टी आहे. असे खरे मेडल फार दुर्मिळ. राजाचा मुखवटा असलेले 'कोरेगाव मेडल' दिसले, तर पुढे तपासायचीही गरज नाही.

कापड हा तर आमच्या हाताचा विषय. साचेखात्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ताणा-बाणा शिकवावा लागत नाही. कोरेगावच्या काळात कंपनीचे शिपाई लाल डगला घालीत. खाकीची सुरुवातच १८४६ साली पेशावरकडच्या गाइड्स पलटणीत झाली. म्हणून '१८१८ ची खाकी वर्दी' ही थापच. दुसऱ्या महायुद्धातला उन्हाळी पोशाख म्हणजे सुती ड्रिल, तिरप्या विणीचा. आतल्या बाजूस पुष्कळदा माप, साल आणि बाणाच्या चिन्हाचा शिक्का सापडतो. शिवणीचा सुटलेला एखादा धागा जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ चा, कापडात ते आले १९५० च्या दशकात. मग १९४३ च्या सदऱ्याची सारी शिवण पॉलिएस्टरची कशी? दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखालीही नवा धागा निळसर पांढरा चमकतो. मात्र आजीने जुना सदरा हल्लीच्या पावडरीने धुतला असेल तर तोही चमकेल, हे ध्यानात ठेवून मगच निकाल द्यावा.

धातू-कापडापेक्षा मोठा साक्षीदार म्हणजे कागद. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे पुस्तक, मनिऑर्डरची पावती, पलटणीतला फोटो, हे मेडलच्या शेजारीच ठेवा. नंबर जुळला की वस्तू बोलू लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि सागर येथील महार रेजिमेंट केंद्रात चौकशी करता येते. युद्धात पडलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत आहेत. हिंदी शिपायाच्या नावापुढे तिथे बऱ्याचदा बापाचे आणि गावाचेही नाव असते. पुण्याजवळ खडकीला त्यांचे स्मारक आहे, मुलांना घेऊन एकदा जाऊन यावे.

जपणूक सोपी आहे. मेडल चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने घासू नका. प्रत्येक घासणीत नाव झिजते. वर्दी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि घडी अधूनमधून बदला, नाहीतर कापड घडीवरच फाटते. लोकरीच्या कोटाला कसर लागते, तो पावसाळ्यानंतर पाहा. बिल्ला कोटावर असेल तर काढू नका. ज्या जागी आहे ती जागाही पुरावाच. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला परदेशी विकायला नेता येत नाही, हे दारावर येणाऱ्या गोडबोल्या दलालाला ठणकावून सांगा.

आमची एक सूचना आहे. विहाराच्या कपाटात एक जाड वही ठेवावी. ज्याच्या घरी अशी वस्तू असेल त्याने ती घरीच ठेवावी, पण दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो व वाचलेला मजकूर वहीत लावावा. ती कोणाची, कोणाकडून आली, हे घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारून तिच्याच शब्दांत लिहावे. जे ठाऊक नाही ती जागा कोरी सोडावी, फुगवून भरू नये. सुभेदार नसेल तर सुभेदार लिहू नये. शिपाई होता, तर शिपाईच लिहावे. शिपाई म्हणून तो उभा राहिला, म्हणून तर आज आपल्याला वाचायला ती कड उरली आहे.