देऊळ आणि देवराई : एका जुन्या नात्याचा इतिहास

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व देणगीदारांच्या औदार्याने सिद्धीस गेला, ही सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. बांधकामाचा वृत्तांत या स्मरणिकेत अन्यत्र आलाच आहे. येथे देवाच्या दुसऱ्या एका ठेव्याविषयी, म्हणजे झाडांविषयी, चार शब्द लिहावयाचे आहेत. महाराष्ट्रात देऊळ आणि झाडे यांचे नाते फार जुने आहे, आणि जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ते कोठे तुटले, तर कोठे नव्याने जुळलेही आहे.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात देवाच्या नावाने राखलेली राने गावोगाव होती व कित्येक अद्यापही आहेत. त्यांना देवराई किंवा नुसते राई म्हणतात; दक्षिण कोकणात देवरहाटी म्हणतात. कोठे काळकाई, कोठे वाघजाई, कोठे शिरकाई, तर कोठे म्हसोबा, अशी त्यांची दैवते. पुष्कळ ठिकाणी देवावर छप्परही नसे; रान हेच त्याचे देऊळ. राईचा विस्तार कोठे काही गुंठे, तर कोठे कित्येक एकर. नियम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच : राईत कुऱ्हाड न्यावयाची नाही. काही गावांत खाली पडलेले वाळके लाकूडही कोणी घरी नेत नसे. देवळाच्या खांब-तुळयांसाठी वा गावाच्या सार्वजनिक कामासाठी लाकूड लागलेच, तर देवाला कौल लावून, गावाच्या संमतीने, गरजेपुरतेच तोडावयाचे.

ही निव्वळ भाबडी श्रद्धा होती असे म्हणता येणार नाही. उघड्याबोडक्या डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन धावत सुटतो. राईत तोच पाऊस आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यावर ठिबकतो आणि मुळांच्या वाटेने सावकाश जमिनीत मुरतो. म्हणूनच कित्येक देवरायांच्या पोटात झरा किंवा कुंड आढळते. शिवाय औषधी वेली, मधमाश्या आणि बी दूरवर पेरणारे धनेशासारखे पक्षी यांचेही ते माहेरघर होय.

राज्यकर्त्यांनाही याची जाण होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी ताकीद आहे. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराला उपयोगी खरे, परंतु ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती बळाने तोडू नयेत, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे झाल्यास धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावे, असा त्याचा आशय आहे.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. १८७८ च्या वन कायद्याच्या आधारे इंग्रज सरकारने मोठमोठी राने राखीव केली. गावकऱ्यांचा हक्क गेला, आणि हक्काबरोबर राखण्याची आस्थाही ओसरली. रस्ते झाले, शहरांना कोळसा हवा झाला, रानोमाळ भट्ट्या लागल्या आणि डोंगर उघडे पडत गेले. देवराया त्यातूनही टिकल्या त्या देवाच्या धाकाने. पण विसाव्या शतकात त्यांच्यावरही घाव पडू लागले, आणि येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. कित्येक गावांत राई विकली गेली ती देवळाच्याच जीर्णोद्धारासाठी! ठेकेदाराने पैसे मोजले, सिमेंटचा सभामंडप उभा राहिला. देवाला पक्के घर मिळाले, पण त्याचे रान गेले. मंडप दोन-तीन वर्षांत बांधून होतो. राई उभी राहण्यास पिढ्या खर्ची पडतात.

सर्वच गावांनी असे होऊ दिले नाही. १९७० नंतरच्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली. त्या वेळी श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांच्या राईतील झाडे तोडण्याचे वनखात्याने योजिले होते. राईतून वाहणारा ओढा हाच गावाच्या पाण्याचा आधार. राई गेली की ओढाही जाईल, हे गावकरी पुरते जाणून होते. या शास्त्रज्ञांनी रदबदली केली आणि राई वाचली.

आहे ते राखणे एक, आणि गेलेले पुन्हा उभे करणे दुसरे. त्याचा धडा पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने घालून दिला. १९७५ साली सैन्यातून अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा दुष्काळ, कर्ज आणि दारूच्या भट्ट्या यांनी गाव ग्रासले होते. संत यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा भट्टीच्या जाळात गेले होते. हजारे यांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे घालून मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला, आणि हळूहळू गावकरी श्रमदानाला येऊ लागले. पुढे त्याच एकीच्या बळावर गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, बांधबंदिस्ती केली, नाले अडविले आणि उघड्या माळावर झाडे लावली. विहिरींना पाणी आले. १९८६ साली भारत सरकारने हजारे यांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार दिला. तेथे जीर्णोद्धार हा कामाचा शेवट नव्हता, आरंभ होता.

सरकारी प्रयत्नही झाले नाहीत असे नाही. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडण्यात आला. परंतु रोप लावण्याचा दिवस एक असतो आणि ते जगविण्याचे दिवस हजार. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोणी घालावयाचे, गुरांपासून कोणी राखावयाचे, हे जेथे ठरलेले नसते, तेथे पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावावे लागते. गाणी आणि राळेगणसिद्धी यांचे यश खड्ड्यांच्या संख्येत नव्हते. झाड हे गावाचे आहे आणि ते मोडणारा गावाचा अपराधी आहे, या एकमतात ते होते.

तेव्हा ग्रामस्थ बंधुभगिनींना व देणगीदारांना नम्र विनंती अशी : मंदिराच्या आवारात आणि गावाच्या मोकळ्या जागेत वड, पिंपळ, उंबर, बेल, कडुनिंब, करंज, जांभूळ अशी आपल्या मातीतली झाडे लावू या. प्रत्येक घराने एका झाडाचे पालकत्व घ्यावे. पायरीसाठी वा फरशीसाठी ज्याप्रमाणे देणगी दिली जाते, त्याचप्रमाणे झाडाच्या कुंपणासाठी आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठीही द्यावी. देवस्थानच्या जमाखर्चात त्याचे स्वतंत्र खाते असावे, आणि दर वर्षी यात्रेच्या दिवशी किती झाडे जगली याचा हिशेब गावापुढे वाचून दाखवावा.

मंदिराच्या दगडावर देणगीदारांची नावे कोरली जातात, ते योग्यच आहे. झाडावर कोणाचेच नाव नसते. परंतु त्याच्या सावलीत बसणारा वाटसरू आणि भरलेल्या विहिरीवर पोहरा सोडणारी माउली ज्यांना दुवा देईल, त्यांत आपणा सर्वांचा वाटा असो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.