खर्जाचे गणित

सबवूफर विकत घेण्यास निघालेला गृहस्थ दुकानात प्रथम वॉटचा आकडा विचारतो. खोक्यावर तोच सर्वांत ठळक छापलेला असतो, आणि खर्जाविषयी सर्वांत कमी सांगणारा आकडाही तोच होय. जे आकडे या बाबतीत खरोखर काही सांगतात, त्यांचा इतिहास फारसा जुना नाही. तो काहीसा विलक्षण मात्र आहे.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणाऱ्या लाउडस्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्यास जोडलेला कागदी शंकू, ही रचना मूलतः आजही तीच आहे. परंतु शंकू समोरची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, आणि खालच्या स्वरांत या दोन्ही लहरी कडेने वळून परस्परांस नाहीशा करतात. सेकंदास ३० कंपनांच्या स्वराची लहर हवेत सुमारे साडेअकरा मीटर लांब असते. तिच्यापुढे वीतभर शंकूचा पाड तो काय! तेव्हा मागची बाजू पेटीत कोंडणे क्रमप्राप्तच होते. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी पेटीस भोक ठेवून मागच्या लहरीचाच उपयोग करून घेतला व १९३२ साली त्याचे पेटंट मिळविले. १९५४ साली एडगर विल्चर यांनी उलट वाट धरली : पेटी पुरती बंद करून आतल्या हवेसच स्प्रिंगचे काम दिले.

पेटी केवढी असावी, भोक किती रुंद ठेवावे, याचा निर्णय मात्र बव्हंशी कारागिराच्या कानावर व अनुभवावर सोपविलेला होता. १९६१ साली ऑस्ट्रेलियातील रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात नेव्हिल थील यांचा निबंध आला. भोक असलेली पेटी व तिच्यातील लाउडस्पीकर मिळून एक विद्युत गाळणीच होते, असे त्यांनी दाखविले. आणि गाळण्यांचे गणित अभियंत्यांपाशी आधीच तयार होते. शंकूची मोकळ्या हवेतील स्वाभाविक कंपनसंख्या, त्याच्या आधाराइतकी ताठर हवा किती घनफळाची, आणि कंपने किती लवकर शमतात, एवढे मोजले की पेटीचे माप कागदावर काढता येते. ही मापे घेण्यास साधी उपकरणे पुरतात.

असा हा निबंध सुमारे दहा वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला. तो चुकीचा नव्हता. तो सिडनीकडच्या पत्रिकेत छापला गेला होता, एवढेच. (विभागीय पत्रिकांतून लिहिणाऱ्यांना याचे फारसे नवल वाटू नये.) सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे अमेरिकन अभियंते रिचर्ड स्मॉल यांनी तो विषय पुढे नेला, १९७१ साली अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मूळ निबंधाचे पुनर्मुद्रण झाले, आणि १९७२ पासून स्मॉल यांचे स्वतःचे लेख तेथेच आले. आज ही मापे दोघांच्या जोडनावाने ओळखली जातात.

या गणिताचा एक निष्कर्ष जाहिरातदारांस अडचणीचा आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि चांगली कार्यक्षमता यांपैकी दोनच गोष्टी पदरात पडतात. कार्यक्षमता पेटीच्या घनफळाच्या व खालच्या मर्यादेच्या कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात असते; म्हणजे मर्यादा निम्म्यावर आणावयाची तर तीच कार्यक्षमता राखण्यास पेटी आठपट मोठी हवी. पेटी वाढवावयाची नसेल, तर उणीव अँप्लिफायरने भरून काढावी लागते. सबवूफरमध्ये बहुधा हेच केलेले असते, आणि मोठ्या वॉटचा आकडा येतो तो येथूनच.

तो आकडाही कसा मोजला, हे पाहावे लागते. १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अँप्लिफायरची सलग शक्ती, कोणत्या रोधावर, कोणत्या कंपनमर्यादेत व किती विकृतीसह, हे सांगणे बंधनकारक केले. आपल्याकडे पुढे लोकप्रिय झालेल्या ‘पीएमपीओ’च्या हजारोंच्या आकड्यांस असा कोणताच आधार नव्हता. त्यापेक्षा एका वॉटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल, हे विचारावे. ८४ डेसिबलच्या पेटीस जे काम करण्यास १०० वॉट लागतात, ते ९० डेसिबलची पेटी २५ वॉटांत करते.