पराभवानंतर काय बदलावे?

मुदखेडहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी उमरी, धर्माबाद मागे टाकून निजामाबादमार्गे सिकंदराबादला पोहोचते. १९५६ पर्यंत हा मराठवाड्याच्या राजधानीचा रस्ता होता. नांदेडला १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजला स्वतःच्या प्रदेशातले विद्यापीठ १९५८ मध्ये लाभले. तोवर आमच्याकडील विद्यार्थ्यांची दृष्टी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडेच असे. म्हणून हैदराबादचा त्या काळचा इतिहास ही परक्या गावची हकीकत नव्हे. मागच्या पिढीचा तो आपलाच इतिहास आहे. त्यातले एक पान फुटबॉलचे आहे आणि सांप्रत ते उघडून पाहण्यास कारणही घडले आहे.

जून २०२४ मध्ये भारतीय संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाद झाला आणि पाच वर्षे प्रशिक्षक असलेल्या क्रोएशियाच्या इगोर स्टिमॅक यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या जागी स्पेनचे मानोलो मार्केझ आले. ते त्याच वेळी गोव्याच्या व्यावसायिक संघाचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत आठ सामन्यांत एकच विजय मिळाला व जुलै २०२५ मध्ये तेही गेले. ऑगस्टमध्ये मुंबईच्या मैदानांवर दीर्घकाळ वावरलेल्या खालिद जमील यांची नेमणूक झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दारही बंद झाले. सुमारे चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक झाले. दुखणे मात्र हटले नाही.

कॉलेजचा संघ असो वा धर्मग्रामातल्या मुलांचा, लागोपाठ हार झाली की पहिली हाक उठते ती माणूस बदलण्याची. ती हाक नेहमीच चुकीची असते असे आमचे म्हणणे नाही. परंतु माणूस बदलण्यापूर्वी काय बदलायचे हे ठरवावे लागते आणि त्याचा धडा हैदराबादच्या एका शाळामास्तराने घालून दिला आहे.

सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तेथे फुटबॉल खेळले आणि पुढे हैदराबादच्या शाळांतून शिक्षक झाले. १९५१ साली नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. देशभर कौतुक झाले. अवघ्या एका वर्षात त्या कौतुकावर पाणी पडले. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. उत्तरेकडील त्या थंडीत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले होते. भारताचा एकुलता एक गोल अहमद खान यांनी सामना संपता संपता केला.

या पराभवाचे खापर एका माणसावर फोडणे सोपे होते. परंतु दहा गोलांमागची कारणे एका माणसाहून मोठी होती. अनवाणी खेळण्याचा अभिमान जागतिक मैदानावर टिकणारा नव्हता. तेव्हा बूट सक्तीचे झाले. एकट्यानेच चेंडू खेळवत राहण्याची सवयही टिकणारी नव्हती. तिच्यावरचा रहीमसाहेबांचा इलाज शिक्षकाला शोभेल असाच होता. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की जिथे केवळ कमजोर पायानेच चेंडू मारायचा, किंवा चेंडू स्वतःजवळ न ठेवता लगेच पुढे द्यायचा. अशा स्पर्धांत कोण जिंकले याला फारसे महत्त्व नव्हते. कोणाची कोणती उणीव भरून निघाली, याला होते.

सिकंदराबादजवळील अम्मुगुडा येथील तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा. सरावाला येण्यासाठी लागणारे सायकलचे भाडे रहीमसाहेब देत असत, असे बलराम उतारवयातही कृतज्ञतेने सांगत. पुढे ते दोन ऑलिंपिक खेळले.

रहीमसाहेबांच्या शिकवणीतून तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर तो एक विक्रमच ठरला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, रहीमसाहेबांचा भारतीय संघ मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियासमोर उभा होता. त्या दिवशी मूळचे गोव्यातील आसगावचे आणि मुंबईत नावारूपास आलेले नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत ४-२ असा जिंकला व उपांत्य फेरीत गेला. तेथे गाठ पडली ती पुन्हा युगोस्लाव्हियाशीच. या वेळी पहिला गोल भारताने केला आणि तोही नेव्हिल यांनीच. अखेर ४-१ अशी हार झाली. तरीही १०-१ ते ४-१ हे अंतर चार वर्षांच्या कष्टांचे होते.

म्हणून पुढचा मार्ग सरळ झाला असे नव्हे. १९६० मध्ये रोमला फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी साधूनही भारत गटात तळाशीच राहिला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. रहीमसाहेब डगमगले नाहीत. डोक्याला इजा झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबरला, विरोधात ओरडणाऱ्या विराट प्रेक्षकसमुदायासमोर, त्याच कोरियाला भारताने २-१ असे हरविले. दोन गोलांपैकी एक जर्नेलसिंगांचा होता. गोव्यातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको या विजयी संघात होते. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६४ मध्ये हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली भारत आशिया चषकात दुसरा आला. प्रशिक्षक नवे होते, पण घडविलेली पिढी शाबूत होती. पुढची पिढी मात्र तशी घडविली गेली नाही. १९७० चे बँकॉकचे कांस्य हे आशियाई स्पर्धेतील आपले आजवरचे शेवटचे फुटबॉल पदक. प्रशिक्षक येत-जात राहिले, परंतु कमजोर पायाचा सराव घेणारा मास्तर शाळेशाळेतून दिसेनासा झाला, असे आम्हांस वाटते.

यास्तव आपल्या मुलांचा संघ हरेल तेव्हा पालकांनी व व्यवस्थापकांनी आधी काही साधे प्रश्न विचारावेत. मुलांना आठवड्यातून किती दिवस मैदान मिळते? लहान वयात त्यांना कोण शिकवितो? ज्याच्याकडे सायकलीचे भाडेही नाही, तो मुलगा सरावाला येऊ शकतो काय? यांची उत्तरे समाधानकारक असतील आणि तरीही संघ हरत असेल, तर प्रशिक्षक खुशाल बदलावा. उत्तरेच नसतील, तर नव्याने येणारा माणूसही त्याच रिकाम्या मैदानावर उभा राहील.